ओपन येल कोर्सेसवर युरोपचा इतिहास: ग्रीस, रोम, मध्ययुग जबरदस्त, पण मधली पाचशे वर्षं स्वतः शोधावी लागतात

युरोपचा इतिहास ग्रीकांपासून ते १६४८च्या आसपासपर्यंत सलग शिकायचाय आणि कॉलेजला अ‍ॅडमिशन घेणं शक्य नाही, असं कुणी म्हणालं की मी आधी ओपन येल कोर्सेसचं नाव घेते. येल युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये हे सुरू केलं, त्यांच्या खऱ्या वर्गात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर झालेली लेक्चर्स रेकॉर्ड करून जशीच्या तशी ठेवली. व्हिडिओ आहे, नुसता ऑडिओ आहे, प्रत्येक लेक्चरचं शब्दन् शब्द लिहिलेलं ट्रान्सक्रिप्ट आहे, सगळं फुकट, लॉगिनसुद्धा लागत नाही. सर्टिफिकेट मिळत नाही, क्रेडिट मिळत नाही, शंका विचारायला कुणी नाही. तेवढं चालणार असेल तर पुढे वाचा.

माझं मत आधीच सांगते: पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार कशासाठी कापला ते खाली येईलच. साडेचार मात्र एकाच कारणासाठी दिलेत, हे लोक नुसतं काय घडलं ते सांगत नाहीत, हे आपल्याला कशावरून कळलं तेही सांगतात. इतिहासाचे व्हिडिओ आज ढिगाने मिळतात, अ‍ॅनिमेशन, नकाशे, तलवारींचे आवाज सगळं असतं, पण कुठल्या कागदावरून, कुठल्या शिलालेखावरून, किती वर्षांनी कुणी लिहून ठेवलेल्या गोष्टीवरून हे बोलताय ते क्वचितच कुणी सांगतं. इथे ते सांगतात आणि त्यानेच तर विषयाची गोडी लागते.

सुरुवात कुठून करायची? कालक्रमाने गेलं तर ग्रीसपासून. पण माझा सल्ला जरा वेगळा आहे, आधी पॉल फ्रीडमन सरांचा पूर्वमध्ययुगाचा कोर्स घ्या, इ.स. २८४ ते १०००, एकूण २२ लेक्चर्स, २०११ सालची. कारण युरोपच्या इतिहासातला सगळ्यात मोठा प्रश्न त्यात आहे, रोमन साम्राज्याचं नक्की झालं काय? कोसळलं की हळूहळू रूप बदलत गेलं? हा प्रश्न एकदा डोक्यात बसला की मागे ग्रीस-रोमकडे बघतानाही नजर वेगळी होते आणि पुढे प्रबोधनकाळाकडे बघतानाही.

२८४ कशासाठी, तर त्या वर्षी डायोक्लेशियन सम्राट झाला. त्याआधीची पन्नास वर्षं म्हणजे नुसता गोंधळ, सैन्याने सम्राट करायचा आणि सैन्यानेच मारायचा, सीमेवर गॉथ नावाच्या जर्मन टोळ्या आणि पर्शियन, नाण्यातली चांदी संपत चाललेली. डायोक्लेशियनने २९३ मध्ये चार जणांत राज्य वाटून घेतलं, सैन्य वाढवलं, करपद्धत बदलली आणि ३०१ मध्ये वस्तूंच्या आणि मजुरीच्या कमाल किमती ठरवणारा हुकूम काढला, मोडला तर मृत्युदंड! हा हुकूम आपल्याला माहीत आहे कारण तो दगडांवर कोरून गावोगाव लावला होता आणि त्याचे तुकडे सापडलेत, तेही बहुतेक पूर्वेकडच्या प्रांतांत. म्हणजे पश्चिमेत तो कितपत पोचला, पाळला गेला का, हा प्रश्न लगेच उभा राहतो ना, तिथे थांबून विचार करायची सवय हा कोर्स लावतो.

मग रोम पडलं का यावरचं लेक्चर, ते तर दोनदा ऐकावं असं आहे. एका बाजूला आपत्ती मानणारे इतिहासकार, ते म्हणतात मातीची भांडी बघा, घरांच्या छपरांवरची कौलं बघा, गुरांची हाडं बघा, पाचव्या शतकानंतर पश्चिमेत सगळ्याचा दर्जा घसरलाय, साध्या माणसाच्या घरातली चांगली भांडी गायब झालीयेत, याला रूपांतर म्हणायचं? दुसऱ्या बाजूचे म्हणतात बिशप तेच राहिले, लॅटिन राहिली, रोमन कायदा राहिला, इटलीत थिओडोरिक नावाचा गॉथ राजा आला तरी त्याचा दरबार कॅसिओडोरससारखे रोमन अधिकारीच चालवत होते, मग पडलं काय? आणि ४७६ सालचं ते प्रसिद्ध प्रकरण घ्या, ओडोएसरने रोम्युलस ऑगस्ट्युलस या पोरसवदा सम्राटाला काढलं, पण मारलं नाही, पेन्शन देऊन दक्षिण इटलीत राहायला पाठवलं आणि सम्राटपदाची चिन्हं कॉन्स्टँटिनोपलला पाठवून दिली, की आता पश्चिमेत वेगळ्या सम्राटाची गरज नाही. शाळेच्या पुस्तकात हे वर्ष म्हणजे जगबुडी असते. फ्रीडमन सर दोन्ही बाजू पूर्ण ताकदीने मांडतात. मी स्वतः आपत्तीवाल्यांच्या बाजूची आहे, कारण दरबारात लॅटिन चालू राहिली याने शेतकऱ्याच्या घरात काय बदललं ते कळत नाही, त्याच्या घरात काय होतं ते शेवटी भांडीच सांगतात.

या कोर्समधली मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे युरोपचा इतिहास म्हणून फक्त युरोप शिकवलेला नाही. मुहम्मद पैगंबर आणि अरब विजय, नंतरची यादवी, मग अब्बासी खिलाफतीचं वैभव, अशी तीन पूर्ण लेक्चर्स आहेत, शिवाय सम्राट जस्टिनियन आणि बायझंटाइन म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याला वेगळी जागा आहे. सातव्या शतकाला ते निर्णायक शतक म्हणतात आणि ते ऐकल्यावर का म्हणतात ते कळतं. एक भूमध्य समुद्र, त्याच्या चहूबाजूंना एक राज्य, ही जी कल्पना रोमने सत्यात आणली होती ती तिथे कायमची संपली आणि तीन वेगळी जगं तयार झाली, लॅटिन पश्चिम, ग्रीक पूर्व आणि इस्लामी दक्षिण. फ्रँक या जर्मन लोकांचा राजा शार्लमेन याला ८०० सालच्या नाताळात रोममध्ये पोपने मुकुट घातला त्याचा अर्थ हे सगळं माहीत असेल तरच लागतो, नाहीतर ती नुसती लक्षात ठेवायची एक तारीख आहे.

फ्रँक लोकांच्या लेक्चरआधी तूरचा बिशप ग्रेगरी थोडा वाचून घ्या असं मी सांगेन. क्लोव्हिस राजाची ती भांड्याची गोष्ट त्यातच आहे. लुटीतलं एक सुंदर चर्चचं भांडं राजाने मागितलं, एका सैनिकाने वाटणी म्हणजे वाटणी म्हणत ते कुऱ्हाडीने फोडलं, राजा तेव्हा गप्प बसला आणि वर्षभराने सैन्याच्या पाहणीत त्याच सैनिकाचं डोकं फोडलं, तू भांड्याला असंच केलं होतंस म्हणून. गोष्ट भारीच आहे, पण ग्रेगरीने ती क्लोव्हिस मेल्यावर साठेक वर्षांनी लिहिली, तो बिशप होता, त्याला चर्चचा मान राखणारा राजा दाखवायचा होता, मग यातलं घडलेलं किती आणि रचलेलं किती? तरीही ती गोष्ट टाकून देता येत नाही, कारण लूट वाटायची पद्धत, राजाची मर्यादा, सूड कसा घ्यायचा, हे सगळं लिहिणाऱ्याच्या काळात लोकांना खरं वाटत होतं म्हणूनच तर त्याने तसं लिहिलं.

आता ग्रीस. डोनाल्ड केगन सरांचा प्राचीन ग्रीसचा कोर्स, २४ लेक्चर्स, २००७ सालची. केगन सर २०२१ मध्ये गेले, अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या पेलोपोनेशियन युद्धाचे ते जगातले मोठे अभ्यासक, त्यांचं आयुष्य त्या युद्धावर गेलं आणि ते बोलण्यात जाणवतं. आवाज संथ, सगळा खेळ बोलण्यावर, त्यामुळे ज्यांना स्क्रीनवर सतत काहीतरी हललेलं लागतं त्यांना कठीण जाईल. ऑडिओ डाउनलोड करून चालताना ऐकायला मात्र हाच कोर्स सगळ्यात चांगला.

यात अथेन्सची लोकशाही टप्प्याटप्प्याने कशी बनली ते फार छान उलगडलंय. इ.स.पू. ५९४च्या सुमाराला सोलोन कर्जापायी होणारी गुलामी बंद करतो, मग हुकूमशहा येतात, मग ५०८-५०७ मध्ये क्लाइस्थेनीस जुन्या चार टोळ्या बाजूला ठेवून दहा नव्या बनवतो, किनारा, शहर आणि आतला भाग अशी मुद्दाम सरमिसळ करून, म्हणजे एका भागातल्या बड्या घराण्याच्या हाती सगळे मतदार जाऊ नयेत. पाचशे जणांची परिषद, तीही चिठ्ठी टाकून निवडलेली. आणि आरमाराचा भाग! एका ट्रायरीमला, म्हणजे वल्ह्यांच्या तीन रांगा असलेल्या लढाऊ जहाजाला, १७० वल्हेकरी लागायचे, हे बहुतेक गरीब नागरिक, ज्यांच्याकडे चिलखत घ्यायलाही पैसे नव्हते. इ.स.पू. ४८० मध्ये सालामिसला त्यांच्याच जोरावर पर्शियाला हरवलं, मग त्यांचं मत सभेत कोण डावलणार? लोकशाही आणि वल्हं यांचा असा थेट संबंध आहे हे एकदा कळलं की नुसती अथेन्सचा नेता पेरिक्लीस याची भाषणं वाचून समाधान होत नाही.

युद्धाच्या कारणांवर केगन सर थेट थ्युसिडिडीसशी भांडतात, म्हणजे त्या युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्या त्याच काळातल्या अथेन्सच्या माणसाशी. थ्युसिडिडीस म्हणतो अथेन्सची वाढती ताकद आणि स्पार्टाची भीती यामुळे युद्ध अटळ झालं. केगन म्हणतात अटळ वगैरे काही नव्हतं, इ.स.पू. ४३३ ते ४३१ मध्ये माणसांनी चुकीचे निर्णय घेतले, वेगळे घेता आले असते. आणि ज्याच्या पुस्तकावर आपली सगळी माहिती उभी आहे त्याच्याच पुस्तकातले पुरावे काढून ते त्याच्याविरुद्ध वापरतात. लक्षात घ्या, थ्युसिडिडीस स्वतः त्या युद्धात सेनापती होता, इ.स.पू. ४२४ मध्ये अँफिपोलिस वाचवता आलं नाही म्हणून त्याला वीस वर्षं शहराबाहेर राहावं लागलं. अशा माणसाने लिहिलेला इतिहास आपण कसा वाचायचा, याचं यापेक्षा चांगलं प्रात्यक्षिक मी तरी पाहिलेलं नाही.

केगन सरांबद्दल एक तक्रार आहे. अथेन्सवर त्यांचं प्रेम आहे, ते ते लपवतही नाहीत, पण गुलाम आणि स्त्रिया यांना वेगळं लेक्चर नाही, लोकशाहीच्या चर्चेत ते येऊन जातं. ज्या चांदीतून ते आरमार बांधलं ती लॉरियनच्या खाणीतली, आणि खाणीत खाली उतरणारे गुलाम होते, त्यांच्यासाठी एक अख्खं लेक्चर हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

रोमसाठी सरळ राजकीय इतिहासाचा कोर्स नाही, त्याऐवजी डायाना क्लाइनर मॅडमचा रोमन वास्तुकलेचा आहे. नाव बघून टाळू नका. हा मात्र व्हिडिओवरच बघायचा, चित्रांशिवाय अर्थ नाही. काँक्रीटने रोमन बांधकाम कसं बदललं, पाँपेईतली घरं, पँथिऑनचा ४३ मीटरचा घुमट जो सळ्या न घातलेल्या काँक्रीटचा आजही जगातला सगळ्यात मोठा आहे, आणि शेवटी स्प्लिटचा डायोक्लेशियनचा राजवाडा. ३०५ मध्ये तो स्वखुशीने सम्राटपद सोडून तिथे जाऊन राहिला, आणि राजवाडा कसला, तटबंदी, बुरूज, दरवाजे, लष्करी छावणीच दिसते. फ्रीडमन सरांनी जी असुरक्षितता शब्दांत सांगितलेली असते ती इथे दगडात दिसते. म्हणून हे दोन कोर्स लागोपाठ करा.

सोबत स्टॅनफर्डचं ऑर्बिस उघडून ठेवा, तेही फुकट. रोमन काळात एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला किती दिवस आणि किती खर्च ते काढून देणारा नकाशा आहे, ऋतू निवडता येतो, बैलगाडी की घोडा की जहाज ते निवडता येतं. खर्चाचा हिशोब त्याच ३०१च्या किमतींच्या हुकुमावर बेतलेला आहे. धान्य जहाजाने आणणं आणि गाडीने आणणं यातला फरक एकदा बघा, रोम शहर इजिप्त आणि आफ्रिकेच्या धान्यावर का जगत होतं आणि ४३९ मध्ये व्हँडल या जर्मन टोळीने उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज घेतल्यावर पश्चिमेचं कंबरडं का मोडलं, ते न सांगता कळेल.

आता तो अर्धा स्टार. फ्रीडमन सर १००० साली थांबतात, आणि पुढचे इतिहासाचे कोर्स सुरू होतात ते थेट १५०० नंतर. मधली पाचशे वर्षं नाहीत! धर्मयुद्धं, विद्यापीठांचा जन्म, १३४७ची महामारी, फ्लॉरेन्स, छपाई, १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा पाडाव, काही नाही. १५१७ नंतरचा जर्मनीतला ल्यूथर आणि पुढचं तीस वर्षांचं युद्ध यांवरही स्वतंत्र कोर्स नाही. ही फार मोठी पोकळी आहे, कारण हा कोर्स झाल्यावर तो कोर्स असं करत जाणाऱ्याला वाटेल की मठातून बाहेर पडून युरोप थेट ट्यूडर राजांच्या दरबारातच गेला.

पण यावर उपाय आहे आणि तोही याच साइटवर, साहित्याच्या विभागात. ज्युसेप्पे मात्सोत्ता सरांचा दान्तेवरचा कोर्स घ्या. दान्ते १२६५चा, फ्लॉरेन्सच्या राजकारणात होता, १३०२ मध्ये त्याला हद्दपार केलं आणि तो परत कधीच गावी जाऊ शकला नाही. पोप विरुद्ध सम्राट, गटातटांचं राजकारण, शहरातला नवा पैसा, चर्चवरचा राग, तेराव्या शतकाचा सगळा इटली त्याच्या काव्यात येतो, नरकात कुणाला टाकलंय ते बघितलं तरी पुरे. मग स्पेनसाठी डॉन किहोतेवरचा कोर्स, १६०५ आणि १६१५ असे त्या पुस्तकाचे दोन भाग. दुसऱ्या भागात रिकोते येतो, डॉन किहोतेचा सोबती सँचो याचा जुना शेजारी, मोरिस्को म्हणजे ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांच्या वंशातला म्हणून देशाबाहेर काढलेला, वेष बदलून परत आलेला. १६०९ ते १६१४ मध्ये स्पेनने मोरिस्को लोकांना हाकललं हे वाक्य कुठेही वाचायला मिळेल, पण शेजाऱ्याला शेजारी रस्त्यात ओळखतो आणि दोघं एकत्र बसून जेवतात, ते वाचताना पोटात कालवतं. महामारीसाठी फ्रँक स्नोडन सरांचा साथीच्या रोगांचा कोर्स आहे, त्यातली प्लेगवरची लेक्चर्स ऐका, क्वारंटाइन, लाझारेटो म्हणजे लोकांना वेगळं ठेवायच्या जागा, शहरांनी बंद केलेले दरवाजे हे सगळं त्यात आहे. साहित्याचे कोर्स इतिहासाची जागा पूर्ण भरत नाहीत हे कबूल, पण नुसती पोकळी ठेवण्यापेक्षा कितीतरी बरं.

उरलेल्यासाठी फोर्डहॅम युनिव्हर्सिटीचं इंटरनेट हिस्टरी सोर्सबुक. १९९६ पासून आहे, दिसायला अगदी जुनाट, पण मूळ साधनांचा खजिना आहे आणि त्यातला मध्ययुगाचा भाग सगळ्यात श्रीमंत. तिथे पहिल्या धर्मयुद्धाची हाक देणारं पोप अर्बनचं १०९५चं क्लेर्माँचं (फ्रान्स) भाषण वेगवेगळ्या लेखकांनी दिलेलं शेजारीशेजारी वाचता येतं. एकाच्या भाषणात जेरुसलेम ठळक आहे, दुसऱ्याच्या भाषणात पूर्वेकडच्या ख्रिस्ती बांधवांना मदत. आणि लिहिणारे सगळे १०९९ मध्ये जेरुसलेम जिंकल्यानंतर लिहितायत. पोप नक्की काय बोलला? हे पान उघडून एक संध्याकाळ काढा, फ्रीडमन सरांकडे शिकलेलं इथे स्वतः वापरून बघता येतं. अडचण एवढीच की बरीच भाषांतरं कॉपीराइट संपलेली म्हणजे खूप जुनी आहेत, त्यांची इंग्रजी जड जाते.

रेकॉर्डिंग जुनी आहेत हेही लक्षात ठेवा. २०११ मध्ये फ्रीडमन सर जस्टिनियनच्या काळातल्या ५४१च्या प्लेगबद्दल बोलतात, त्यानंतर दोन-तीन वर्षांतच बव्हेरियातल्या सहाव्या शतकाच्या कबरींमधल्या दातांतून प्लेगच्याच जिवाणूचा डीएनए मिळाला आणि तो रोग कुठला हा वाद मिटला. अशा ठिकाणी स्वतः थोडं शोधून भर घालावी लागते.

आरंभीच्या आधुनिक काळासाठी कीथ राइटसन सरांचा इंग्लंडचा कोर्स, २५ लेक्चर्स, २००९चा. हा देशाने मर्यादित आहे, पूर्ण युरोप नाही, पण मला हा फ्रीडमन सरांच्या खालोखाल आवडतो. कारण राजे-राण्या येण्याआधी घर येतं, गाव येतं, मजुरी आणि भाकरी येते. हेन्री आठव्याच्या लग्नांवर रेंगाळण्यापेक्षा ते लोकसंख्या कशी वाढली, भाव कसे चढले, गावातली सामाईक जमीन कुंपणात कशी गेली, मध्यम शेतकरी वर गेला आणि मजूर खाली कसा ढकलला गेला ते दाखवतात, आणि मग १६०१चा गरिबांसाठीचा कायदा का आला ते आपोआप समजतं. जादूटोण्यावरचं लेक्चर, गुन्हे आणि कायद्यावरचं, लोकांच्या उठावांवरचं, सगळी उत्तम. साक्षरतेचं तर खास. १६४१-४२ मध्ये प्रौढ पुरुषांकडून शपथेवर सह्या घेतल्या होत्या, त्या याद्यांवरून साधारण तीस टक्क्यांनाच सही करता येत होती असं निघतं. पण तेव्हा आधी वाचायला शिकवायचे आणि लिहायला नंतर, मग सही न येणाऱ्यांतले किती जण वाचू शकत असतील? १६४० नंतर लंडनमध्ये पत्रकांचा जो पूर आला तो वाचत कोण होतं याचं उत्तर या आकड्याच्या मागे दडलंय.

राइटसन सरांची शैली शांत, इंग्लिश उच्चार स्पष्ट, ट्रान्सक्रिप्ट उघडं ठेवलं तर इंग्रजी कच्ची असणाऱ्यालाही जमेल. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचं डोकं उडवल्याचं लेक्चर, जानेवारी १६४९, त्यात खटल्याची कायदेशीर बाजू नीट ऐका, राजाच्या नावाने चालणाऱ्या न्यायालयात राजावरच खटला कुणाच्या अधिकाराने चालवायचा हा प्रश्न चार्ल्सने स्वतः विचारला होता आणि त्याचं सरळ उत्तर कुणाकडेच नव्हतं.

युरोपच्या मुख्य भूमीसाठी जॉन मेरिमन सरांचा १६४८ ते १९४५चा कोर्स आहे. ज्यांना अर्वाचीन काळाच्या उंबरठ्यापर्यंतच यायचंय त्यांनी त्यातली सुरुवातीची लेक्चर्स घ्यावीत, अनियंत्रित राजेशाही, डच आणि ब्रिटिश वेगळे का निघाले, आणि पीटर द ग्रेट. डच लोकांचं खास राइटसन सरांच्या लगेच नंतर ऐका, राजा मारून पुन्हा राजा आणणारा इंग्लंड आणि राजाशिवाय चालणारं व्यापाऱ्यांचं हॉलंड एकाच आठवड्यात समोर आले तर तुलना आपोआप होते. त्याच्या पुढे ज्ञानोदय (एन्लायटनमेंट) आणि फ्रेंच क्रांती लागते, तो वेगळा विषय आहे आणि त्यासाठी वेगळा वेळ काढा.